लाकूड पिते तेवढेच

एप्रिल संपता संपता न्यू जर्सीतल्या ओकच्या झाडांना पिवळट तुरे येतात, ते गळून घरामागच्या डेकवर, पायऱ्यांवर आणि कुंपणाच्या आडव्या पट्ट्यांवर साचतात, आणि पहिल्या पावसात भिजले की त्यांचे तपकिरी डाग लाकडात उतरतात. नेमक्या त्याच सुमारास माझा फोन वाजू लागतो. गेली बारा वर्षे मी लाकडी डेक आणि कुंपणे धुण्याचे, त्यांच्यावरचे जुने रंग उतरवण्याचे आणि त्यांना नव्याने तेल लावण्याचे काम करतो. त्याआधी मी एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होतो. ती प्रयोगशाळा दुसऱ्या राज्यात हलली तेव्हा मी तिच्यामागे गेलो नाही, आणि एका उन्हाळ्यापुरते म्हणून हातात घेतलेले हे काम मग कायमचेच झाले.

डेक म्हणजे मागच्या दाराला लागून, जमिनीपासून चार-सहा फूट उंचीवर, खांब आणि तुळयांवर उभारलेला लाकडी ओटा. आमच्या रत्नागिरीकडच्या घराच्या ओटीशी त्याचे नाते आहे, पण एक मोठा फरकही आहे आणि माझे सगळे काम त्या फरकातूनच निघते. कोकणात लाकूड कोणी पावसात उघडे टाकत नाही. पाऊस झेलायला जांभा असतो, कौले असतात, छपराची पागोळी भिंतीपासून लांब पडावी म्हणून पडवीचे छप्पर माणसाला वाकून आत जावे लागेल इतके खाली आणलेले असते. आणि सागाचे, फणसाचे, किंजळाचे लाकूड त्या सावलीत कोरडे बसलेले असते. आजोबांनी ओटीच्या खांबांना वर्षातून एकदा कापडाच्या बोळ्याने जवसाचे तेल चोळावे, एवढीच त्या खांबांची सेवा होती आणि तेवढी त्यांना पुरत असे. डेकला मात्र डोक्यावर छप्परच नाही. जुलैचे ऊन, सप्टेंबरचा पाऊस, जानेवारीत चार चार दिवस अंगावर पडून राहिलेले बर्फ आणि ते बर्फ उचलायला वापरलेल्या फावड्याची धार, हे सगळे ते लाकूड आडवे पडून सोसते. उभ्या फळीवरून पाणी वाहून जाते, आडव्या फळीवर ते थांबते. म्हणून एकाच वर्षी, एकाच लाकडाचे बांधलेले कुंपण चांगले राहते आणि डेक आधी थकतो.

लाकूड करडे पडते ते का, हे मला प्रयोगशाळेतल्या सवयीमुळे आधी समजून घ्यावेसे वाटले. लाकडात सेल्युलोजचे लांब धागे असतात आणि त्या धाग्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारे लिग्निन असते. उन्हातले अतिनील किरण लिग्निन मोडतात, मोडलेले लिग्निन पावसाने धुऊन जाते आणि वर उरतात ते सुटे झालेले, रंग गेलेले धागे. त्यांवर काळ्या ठिपक्यांची बुरशी बसते. लांबून पाहणाऱ्याला वाटते की लाकूड मेले, परंतु हा करडा थर मिलिमीटरच्या एखाद्या अंशाएवढाच असतो आणि त्याच्याखाली लाकूड आपल्या मूळ रंगात शाबूत असते. माझ्या व्यवसायाची सगळी आशा त्या पातळ थराखाली आहे. लोक घाई करतात ती इथे: करड्या थरावरच रंग लावतात. तो रंग लाकडाला चिकटतच नाही, सुट्या धाग्यांना चिकटतो, आणि ते धागे गेले की त्यांच्याबरोबर जातो.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते गृहस्थ पोर्तुगालमधून आलेले होते आणि न्यूअर्कच्या आयर्नबाउंड वस्तीत राहत. वय सत्तरीच्या जवळ, गुडघ्यांना चामड्याच्या गाद्या बांधलेल्या, आणि बोलणे मोजके. पाण्याच्या दाबाचे यंत्र त्यांनी मला पहिला महिनाभर हातात घेऊ दिले नाही. बादली, लांब दांड्याचा ब्रश आणि साधी नळी, एवढ्यावर माझी उमेदवारी झाली. डाग आणि बुरशी काढायला ते सोडियम परकार्बोनेटची पूड कोमट पाण्यात विरघळवून वापरत. पाण्यात गेल्यावर तिच्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा असे दोन पदार्थ सुटतात. पहिला बुरशीचे डाग उडवतो, दुसरा मळ सैल करतो, आणि काम झाल्यावर मागे घातक असे काही उरत नाही. फळीवर हे द्रावण पंधरा मिनिटे ओलेच राहिले पाहिजे, वाळू लागले तर पुन्हा शिंपडायचे, मग लाकडाच्या रेषेने ब्रश फिरवायचा आणि भरपूर पाण्याने धुवायचे. स्वस्त म्हणून कपड्यांचे क्लोरीनचे ब्लीच ओतणारेही पुष्कळ आहेत. ते बुरशी मारते हे खरे, परंतु कडक असेल तर लिग्निनही खाते, खिळ्यांना गंज आणते आणि खालची झाडे जाळते. धुण्याआधी आजूबाजूची झाडे साध्या पाण्याने भिजवून घ्यावीत, म्हणजे तहान भागलेली मुळे आणि पाने नंतर येणारे द्रावण कमी ओढून घेतात, हेही मी त्यांच्याकडूनच शिकलो. ते मला एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत: लाकूड धुवायचे असते, सोलायचे नसते.

ते वाक्य मला माझ्या चुकीनंतर समजले. स्वतंत्र काम सुरू केल्यावर दुसऱ्याच महिन्यात सीडारच्या एका कुंपणाचे काम मिळाले. सीडार मऊ आणि हलके लाकूड, नखाने ओरखडा उठेल असे. त्याला चौरस इंचामागे पाचशे-सहाशे पौंड इतकाच दाब सोसतो, तोही रुंद पंख्यासारखा फवारा पाडणाऱ्या तोटीने आणि फूटभर अंतरावरून. माझ्याकडचे पेट्रोलवरचे यंत्र तीन हजारांच्या पुढचे होते, आणि संध्याकाळ व्हायच्या आत शंभर फूट उरकायचे म्हणून मी दाब वाढवला, तोटी जवळ नेली. काम होताना फार छान दिसत होते, कारण करडेपणा सरसर निघून खालून गुलाबीसर लाकूड उघडे पडत होते. दुसऱ्या दिवशी कुंपण वाळले तेव्हा प्रत्येक फळीवर माझ्या हाताच्या झोताचे अर्धगोल पट्टे उमटलेले दिसले. दोन रेषांमधला मऊ भाग पाण्याने खणला गेला होता आणि उरलेले धागे लोकरीसारखे उभे राहिले होते. मी मालकिणीला जाऊन काय झाले ते सांगितले आणि पुढचे सहा दिवस, त्यांच्याकडून एकही पैसा न घेता, ते सगळे कुंपण घासून काढले. फळ्या जितक्या पातळ झाल्या तितक्या झाल्या, तेवढे त्यांचे आयुष्य मी कमी केले. त्या रस्त्याने आजही गेलो की माझी नजर त्या कुंपणाकडे वळते.

इथल्या बहुतेक डेकचे लाकूड सीडार नसते, दक्षिणेकडच्या राज्यांतले पिवळे पाइन असते, आणि ते कुजू नये म्हणून त्यात दाबाने औषध भरलेले असते. पूर्वी त्या औषधात तांबे आणि क्रोमियम यांच्याबरोबर आर्सेनिक असे. ३१ डिसेंबर २००३ नंतर घरगुती वापराच्या लाकडासाठी ते बंद झाले आणि तांब्यावर आधारलेली दुसरी औषधे आली. म्हणून डेक कोणत्या वर्षी बांधला, हा माझा मालकांना पहिला प्रश्न असतो. त्या तारखेच्या आधीचे हिरवट पाइन मी यंत्राने घासत नाही आणि त्याचे तुकडे कोणालाही जाळू देत नाही. धूर आणि भुकटी दोन्ही वाईट. घर १९७८ च्या आधीचे आणि कठड्यावर जुना रंग असेल, तर त्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरूनच पुढचे काम ठरवावे लागते.

मात्र या लेखाला मी बसलो तो एका सीडारच्या डेकमुळे. मिडलसेक्स काउंटीत राहणाऱ्या एका काकूंचा तो डेक. वय अठ्ठ्याहत्तर, मूळच्या साताऱ्याकडच्या. काकांनी १९९४ च्या उन्हाळ्यात दोन मित्रांना हाताशी घेऊन, सुट्टीच्या दिवशी थोडे थोडे करत तो बांधला होता. काका असेपर्यंत दर दोन-तीन वर्षांनी स्वतः तेल लावत. ते गेल्यावर कोणा ठेकेदाराने काकूंना सांगितले की आता दहा वर्षे बघायला नको, आणि कॉफीच्या रंगाचा, वाळू मिसळलेला, दह्यासारखा जाड लेप सगळ्या फळ्यांवर ओतून दिला. तिसऱ्या हिवाळ्यानंतर तो लेप पापुद्र्यांनी उठू लागला. मी पहिल्यांदा पाहायला गेलो तेव्हा पापुद्रा बोटाने उचलला आणि खाली लाकूड ओले होते. पाऊस पडून चार दिवस झाले होते.

अशा लेपांविषयी माझे मत कडक आहे. घराच्या उभ्या भिंतीवर रंगाचा पडदा टिकतो, कारण तिथे पाणी थांबत नाही. डेकच्या फळीला वरून, खालून, दोन्ही टोकांनी आणि प्रत्येक स्क्रूच्या भोकातून पाणी मिळते. ते आत शिरते तेव्हा पडदा त्याला अडवू शकत नाही, आणि बाहेर पडू पाहते तेव्हा मात्र अडवतो. आत कोंडलेली ओल एक तर पडदा फोडून येते किंवा आतल्या आत कुजवते. दहा वर्षांचे वचन देणारा डबा पाहिला की मला त्या लाकडाची काळजी वाटते, कारण त्याला दहा वर्षे श्वास मिळणार नाही असा त्याचा अर्थ मी वाचतो. लाकडात मुरणारे तेल फार तर दोन-तीन उन्हाळे पुरते, पण ते जाते तेव्हा हळूहळू विटत जाते, सोलून निघत नाही, आणि पुढच्या वेळी धुऊन त्याच्यावर पुन्हा तेल देता येते.

काकू म्हणाल्या, “अरे, यांच्या हातचा जो मधासारखा रंग होता ना, तो परत येईल का?” मी म्हणालो, “काकू, रंग मी आणणार नाही, तो आत आहे का ते बघतो. चार दिवसांचे काम आठ दिवस चालेल, तुम्हाला धीर धरावा लागेल.” त्या म्हणाल्या, “धीराचं तू मला सांगू नकोस.”

वरचा लेप ॲक्रिलिकचा होता, आणि ॲक्रिलिक कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाला फारसे दाद देत नाही. म्हणून आधी पत्र्याच्या खरवडणीने, गुडघ्यांवर बसून, सुटेल तेवढा लेप काढला. त्यात दोन दिवस गेले. त्याच्याखाली काकांनी लावलेल्या जुन्या तेलाचे थर काळपट होऊन बसले होते, त्यांवर मात्र कॉस्टिक चालले. हातमोजे, चष्मा, अंगभर कपडे घालून ते द्रावण पसरायचे, वीस मिनिटे थांबायचे, आणि मग फळीवर जी चॉकलेटी राड तयार होते ती ब्रशने आणि बेताच्या पाण्याने उतरवायची. पुण्यातल्या वाड्यांची सागवानी दारे सोडवताना पॉलिशवाले याच सोड्याने ऑइलपेंटचे थर काढतात.

कॉस्टिकनंतर सीडार भयानक दिसते. कॉस्टिकसारख्या अल्कलीने त्यातले टॅनिन, म्हणजे लाकडातले तुरट द्रव्य, गडद होते आणि सगळा डेक कोळशाच्या पाण्याने धुतल्यासारखा काळा पडतो. काकू दारात आल्या आणि काही न बोलता आत गेल्या. त्यांना मी आधीच सांगून ठेवायला हवे होते. पुढची पायरी आम्लाची. ऑक्झॅलिक आम्लाचे सौम्य द्रावण शिंपडले की अल्कलीचा जोर संपतो आणि काळेपणा डोळ्यांदेखत उतरतो. सुरण किंवा अळू घशाला खाजवते ते या आम्लाच्या कॅल्शियमबरोबर झालेल्या स्फटिकांमुळे, आणि घरोघरी त्यात चिंच किंवा आमसूल घालतात. मी काकूंना पुन्हा बाहेर बोलावले, कडेच्या तीन फळ्यांवर त्यांच्यासमोर फवारा मारला, आणि पाचेक मिनिटांत त्या तीन फळ्या फिकट, गव्हाळ, स्वच्छ अशा वर आल्या. काकू तिथेच पायरीवर बसल्या आणि उरलेले सगळे होईपर्यंत उठल्या नाहीत.

स्क्रूंच्या भोवती निळे-काळे डाग होते, तेही याच आम्लाने गेले. लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की काळा रंग होतो. हिरडा आणि हिराकस यांपासून आपल्याकडे शाई करत, त्यातले तत्त्व हेच. म्हणून सीडारवर मी लोखंडी तारेचा घासणीचा गुच्छ कधी लावत नाही. त्याचा अदृश्य चुरा रेषांत अडकतो आणि पहिल्या दवात सगळीकडे शाईचे थेंब पडल्यासारखे ठिपके उमटतात.

धुण्याच्या दिवसांतला एक तास मी डेकच्या खाली घालवतो, मालकाने सांगितलेले नसले तरी. १६ जून २०१५ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात एका इमारतीची बाल्कनी कोसळून सहा तरुण मुलांचा जीव गेला. आतल्या तुळया कुजलेल्या होत्या आणि वरून ते दिसत नव्हते. त्यानंतर तिथे अशा बांधकामांच्या तपासणीचा कायदा झाला. मी अभियंता नाही, पण घराच्या भिंतीला बोल्टने जोडलेली जी आडवी फळी असते, जिच्यावर एका बाजूचा सगळा भार असतो, तिला टोचा मारून पाहणे माझ्या हातात आहे. टोचा सहज आत गेला तर मी तेलाचे काम थांबवतो आणि सुताराला आधी बोलवायला सांगतो. काकांच्या डेकला ती फळी टणक होती, आणि तिच्यावर पाणी जाऊ नये म्हणून त्यांनी पत्र्याची पट्टी इतकी नीट वळवून बसवली होती की मी काकूंना मोबाइलवर तिचा फोटो काढून दाखवला. वरच्या दोन फळ्या मात्र लेपाखाली कुजल्या होत्या, त्या बदलल्या.

मग थांबणे. या कामातला हा भाग लोकांना काम वाटतच नाही. धुतलेले लाकूड वरून एका दुपारी सुकते, आतून सुकायला दोन-तीन कोरडे दिवस लागतात, आणि जूनमध्ये न्यू जर्सीत कोरडे दिवस मागून मिळत नाहीत. दोन सुयांचे ओल मोजायचे यंत्र मी फळीत टोचतो आणि आकडा पंधरा टक्क्यांच्या खाली येईपर्यंत डबा उघडत नाही. काकूंच्याकडे पाच दिवस आकडा अठराच्या खाली येईना. रोज सकाळी मी फक्त मोजून परत जात होतो आणि काकू रोज चहा पाजत होत्या. त्या दिवसांत उभे राहिलेले धागे साठ आणि ऐंशी नंबरच्या पॉलिशपेपरने हलके उतरवले. याहून बारीक कागदाने फळी आरशासारखी होते, पण तिची छिद्रे बुजतात आणि तेल वरच राहते.

सहाव्या दिवशी पाण्याचे चार थेंब टाकले, ते क्षणात आत गेले. लाकूड प्यायला तयार आहे याची याहून चांगली खूण मला माहीत नाही. अर्धपारदर्शक, किंचित तांबूस छटा असलेले तेल मी निवडले होते. काकूंना अगदी रंगहीन हवे होते, परंतु अतिनील किरणांना अडवतो तो तेलातला रंगकणच. रंगहीन तेलाखाली लाकूड वर्षभरात पुन्हा करडे होते. सकाळी सावली असताना सुरुवात केली. दोन-तीन फळ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग घ्यायच्या, मध्ये थांबायचे नाही, नाहीतर जिथे ओले तेल सुकत्या तेलावर चढते तिथे जोडाचा पट्टा दिसतो. फळ्यांना दोन तास लागले आणि कठड्याला उरलेला सगळा दिवस. चार इंचांहून कमी फटीने उभे केलेले शंभरेक गज, प्रत्येकाला चार बाजू, आणि तळाशी जिथे पाणी साचते ती आडवी कापलेली टोके. ही टोकेच सर्वांत जास्त पितात, त्यांना दोनदा, तीनदा द्यावे लागते. फळीवर मात्र वीस मिनिटांनी जे तेल तसेच चमकत राहिले असेल ते कापडाने पुसून काढायचे. पैसे देऊन आणलेले तेल पुसून टाकताना पाहून मालकांना वाईट वाटते, काकूंनाही वाटले. परंतु लाकडाने न घेतलेले तेल वर चिकट राहते, धूळ धरते आणि त्याचाच पुढे लेप होतो.

त्या तेलाने भिजलेली फडकी मी कधी गोळा करून टाकत नाही. जवसाच्या जातीचे तेल सुकते म्हणजे ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, आणि त्या क्रियेत उष्णता निघते. चुरगळून ठेवलेल्या फडक्यांत ती उष्णता कोंडते आणि काही तासांत ती आपोआप पेट घेऊ शकतात. संध्याकाळी मी ती पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवली, झाकण लावले आणि डबा घरापासून लांब, सिमेंटच्या जागेवर ठेवला. काकू दिवा लावून डेककडे बघत उभ्या होत्या. अनवाणी जाऊ का, असे त्यांनी विचारले, आणि मी परवापर्यंत नाही म्हणालो.

जाताना मी त्यांना थेंबांची परीक्षा शिकवून गेलो: वसंतात एकदा चमचाभर पाणी फळीवर टाका, ते मोत्यांसारखे थांबले तर मला बोलावू नका. पहिल्या वर्षी मे महिन्यात त्यांचा फोन आला, “थांबतंय.” दुसऱ्या वर्षी पुन्हा, “थांबतंय रे, पण कठड्याजवळ जरा कमी.” यंदा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, तुरे गळायला लागले तेव्हा, फोन आला आणि काकू एवढेच म्हणाल्या, “प्यायला लागलंय.” मी वहीत मेचा तिसरा आठवडा त्यांच्या नावाने लिहून ठेवला आहे. या वेळी खरवडणी लागणार नाही, कॉस्टिकही नाही. परकार्बोनेटची बादली, ब्रश, कोरडे दिवस, आणि तेलाचे दोन डबे.